दोन चौकटींमधली उडी

चित्रांची पुस्तके ही ज्यांना अजून नीट वाचता येत नाही त्यांच्यासाठी असतात, असे माझे कित्येक वर्षांचे मत होते. हे मत मी कोणाकडून घेतले ते आता आठवत नाही. पण शिक्षकाच्या व्यवसायात मी ते मोठ्या निष्ठेने जपले. मुलाने प्रथम चित्र पाहावे, मग चित्राखालचा शब्द वाचावा, पुढे शब्द वाढत जावेत, चित्रे कमी होत जावीत, आणि शेवटी एकही चित्र नसलेले जाडजूड पुस्तक घेऊन त्याने खिडकीशी बसावे, अशी माझी वाचनाच्या प्रगतीची कल्पना होती. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या मी अशाच एका खिडकीशी बसून वाचल्या होत्या. त्यामुळे ती खिडकी सर्वांनाच लाभावी, असे मला मनापासून वाटे.

1988 सालची गोष्ट. मी सातवीच्या वर्गाला कविता शिकवीत होतो. तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा पाठ्यपुस्तकात फार तन्मय झालेला दिसला. एवढी तन्मयता मला संशयास्पद वाटली. जवळ जाऊन पाहतो तो पाठ्यपुस्तकाच्या आत ‘इंद्रजाल कॉमिक्स’चा एक अंक! वेताळाची गोष्ट होती. मी ते पुस्तक उचलून सर्व वर्गाला दाखविले आणि विचारले, “यात वाचण्यासारखे आहे तरी काय?”

मुलगा मान खाली घालून उभा राहिला. बऱ्याच वेळाने म्हणाला, “सर, एका चित्रात वेताळ भिंतीवर आहे आणि दुसऱ्या चित्रात खाली आहे. उडी यात कुठेच काढलेली नाही. पण ती मला दिसते.”

वर्ग हसला. मीही हसलो. पुस्तक माझ्या कपाटात गेले आणि कविता पुढे सुरू झाली.

त्यानंतर पुष्कळ वर्षे गेली. मी मुख्याध्यापक झालो, यथाकाल निवृत्तही झालो. निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या दिवाळीत माझी भाची आमच्याकडे आली. ती मुंबईला चित्रकला शिकते. एके दुपारी तिचे पुस्तक झोपाळ्यावर पडले होते. मुखपृष्ठावर दोन उंदीर एकमेकांना बिलगून बसलेले. मी ते चाळू लागलो, तेव्हा तिने एवढेच सांगितले, “मामा, ही चित्रकादंबरी आहे. इंग्रजीत तिला ‘ग्राफिक नॉव्हेल’ म्हणतात. वाचून पाहा.”

पुस्तकाचे नाव ‘माऊस’. जर्मन भाषेत या शब्दाचा अर्थ उंदीर. कर्ते आर्ट स्पीगलमन हे अमेरिकेत राहणारे चित्रकार. त्यांचे वडील व्लाडेक आणि आई अन्या हे पोलंडमधील ज्यू. दुसऱ्या महायुद्धात हिटलरच्या नाझी राजवटीने युरोपातील सुमारे 60 लाख ज्यूंची हत्या केली. त्या संहारातून, आउश्विट्झच्या छळछावणीतून, हे दोघे जिवंत परतले. त्यांचा लहानगा मुलगा मात्र वाचला नाही. पुढे अनेक वर्षांनी न्यूयॉर्कमधील घरी मुलगा वडिलांना प्रश्न विचारतो आणि वडील आपली कहाणी सांगतात, असा हा ग्रंथ आहे. पहिला भाग 1986 साली आणि दुसरा 1991 साली प्रसिद्ध झाला. 1992 साली त्याला पुलित्झर पुरस्कार मिळाला. यात ज्यू हे उंदीर आहेत, जर्मन हे मांजरे आहेत आणि पोलिश लोक डुकरे आहेत.

पंचतंत्र शिकविलेल्या मला यात नवे काही वाटले नाही. पहिला भाग मी दीड-दोन तासांत संपविला, चष्मा काढून ठेवला आणि भाचीला निकाल सांगितला, “गोष्ट करुण आहे. पण लेखकाने ती सरळ गद्यात लिहिली असती, तर अधिक बरे झाले असते.”

तिने वाद घातला नाही. एक पान उघडून माझ्यापुढे धरले. “मामा, इथे काय आहे?”

“नवरा-बायको लपण्याच्या जागेतून बाहेर पडली आहेत. आता कोठे जावे हे त्यांना कळत नाही.”

“हे तर शब्दांत आहे. चित्रात काय आहे?”

“रस्ता आहे.”

“कसा आहे?”

मी पुन्हा चष्मा लावला. दोन लहानसे उंदीर एका चौरस्त्यावर चालले होते. चौरस्त्याची प्रत्येक वाट पुढे जाऊन काटकोनात वळली होती, आणि त्या चार वाटांची मिळून नाझी पक्षाची खूण झाली होती! (आपल्या उंबरठ्यावरच्या मंगल स्वस्तिकाशी या आकाराचे साम्य आहे, परंतु नाझींनी त्या आकाराला जो अर्थ चिकटविला, तो सर्वस्वी वेगळा आणि भयंकर होता.) शब्द फक्त एवढेच सांगत होते, की जावे कोठे हे कळत नव्हते. चित्र सांगत होते, की कोणत्याही वाटेने गेले तरी शत्रूचीच खूण पायांखाली येणार होती. हे पान मी वाचले होते. वाचले होते म्हणजे काय, तर त्यावरची अक्षरे माझ्या डोळ्यांखालून गेली होती. चित्राकडे मी पाहिलेच नव्हते.

मराठी विषयात एम. ए. झालेल्या आणि जन्मभर इतरांना वाचावे कसे हे शिकविलेल्या माणसाला त्या वेळी काय वाटले असेल, याची कल्पना तुम्ही करू शकाल. मी पुस्तक मिटले नाही, एवढेच माझ्या बाजूने सांगता येईल.

दुसऱ्या वाचनाला मला चार दिवस लागले. मग एकेक गोष्ट दिसू लागली. लपतछपत फिरताना व्लाडेक आणि अन्या पोलिश असल्याचे सोंग आणतात, तेव्हा चित्रकाराने त्यांच्या तोंडावर डुकरांचे मुखवटे बांधले आहेत. अन्याचे रूप पाहून ती ज्यू आहे हे चटकन ओळखू येई, असे व्लाडेक सांगतो. आणि चित्रात तिच्या लांब कोटाखालून उंदराचे शेपूट बाहेर आलेले आहे. तिला स्वतःला ते ठाऊक नाही. ते आपल्याला दिसते, आणि आपला जीव खालीवर होतो. शब्दाने हे साधले नसते असे मी म्हणणार नाही. परंतु त्यासाठी एक परिच्छेद खर्ची पडला असता, आणि परिच्छेद संपेपर्यंत ती बिचारी रस्त्याच्या टोकाला पोहोचली असती.

पंचतंत्राशी केलेली माझी तुलनाही चुकीची निघाली. पंचतंत्रातले प्राणी माणसांसारखे वागतात. येथे माणसांना प्राणी ठरविण्यात आले आहे. नाझी प्रचारक ज्यूंना उंदरांची उपमा देत असत. स्पीगलमन यांनी तीच शिवी उचलली आणि तिला डोळे, हात, कोट आणि आई-बाप दिले.

हे सर्व त्यांनी फाउंटन पेनने, पुस्तकाचे पान छापलेले दिसते तेवढ्याच आकारात काढले. फाउंटन पेन हा शब्द वाचून मला बरे वाटले, हे कबूल करतो.

अशा पुस्तकात चित्रांच्या चौकटी असतात आणि दोन चौकटींमध्ये एक कोरी पट्टी असते. काळ जातो तो त्या पट्टीत. एका चौकटीत म्हातारा व्लाडेक घरात व्यायामाच्या सायकलीवर बसून बोलत असतो. पुढच्या चौकटीत तो तरुण आहे आणि गाव पोलंडमधले आहे. मधल्या बोटभर कागदावर चाळीस वर्षे ओलांडायची असतात, आणि ती वाचकालाच ओलांडावी लागतात. सायकल मात्र जागची हलत नाही! पाय सतत फिरताहेत आणि माणूस आहे तेथेच आहे, हे त्या म्हाताऱ्याचे चित्र अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

पुढे मी या कलेचा थोडा शोध घेतला, तेव्हा एक मौजेची गोष्ट हाती लागली. चौकटींत गोष्ट सांगण्याची आधुनिक रीत ज्यांच्यापासून सुरू झाली असे पुष्कळ अभ्यासक मानतात, ते रोडॉल्फ टॉपफर हे स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा शहरातले एक शाळामास्तर होते! त्यांचा जन्म 1799 सालचा. वडिलांसारखे चित्रकार व्हावे अशी त्यांची इच्छा होती. परंतु डोळे अधू असल्याने ती पुरी झाली नाही. त्यांनी मुलांसाठी वसतिगृहासह शाळा काढली आणि विद्यार्थ्यांच्या करमणुकीसाठी ते चित्रमय गोष्टी काढू लागले. खाली हस्ताक्षरात दोन ओळी, वर गमतीचे रेखाचित्र. थोर जर्मन कवी गटे यांनी त्या पाहून वाखाणल्या. 1833 साली त्यांतली पहिली गोष्ट प्रसिद्ध झाली. म्हणजे ज्या काळात एक मास्तर मुलांकडून चित्रांची पुस्तके काढून घेण्याचा विचारही करू शकला असता, त्या काळात दुसरा मास्तर ती स्वतः काढून मुलांना देत होता.

पुस्तके काढून घेणारे अजूनही आहेत. 2022 सालच्या जानेवारीत अमेरिकेतील टेनेसी राज्यातल्या एका शाळामंडळाने ‘माऊस’ हे पुस्तक आठवीच्या अभ्यासक्रमातून वगळले. त्यानंतर दुकानांतून त्याची मागणी एकदम वाढली.

आपल्याकडे तर चित्र आणि शब्द यांची जोडी फार जुनी आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी नावाचे गाव आहे. तेथील ठाकर समाजातले चित्रकथी रामायण-महाभारतातील प्रसंगांची कागदावर रंगविलेली चित्रे एकामागून एक श्रोत्यांपुढे धरतात आणि वाद्यांच्या साथीने गोष्ट गातात. या परंपरेतील परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. एक चित्र खाली ठेवून दुसरे वर येईपर्यंतचा जो क्षण, तोच पुस्तकातल्या कोऱ्या पट्टीचा भाऊ म्हणावा लागेल.

भाचीने पाठविलेले दुसरे पुस्तक होते ‘भीमायन’. हे 2011 साली दिल्लीहून इंग्रजीत प्रसिद्ध झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनातील प्रसंग त्यात आहेत. संहिता श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांची, चित्रे मध्य प्रदेशातील परधान गोंड कलावंत दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या पती-पत्नींची. या दोघांनी सुरुवातीलाच सांगून टाकले, की आम्ही आमच्या माणसांना चौकटीत कोंडणार नाही. त्यांचा श्वास गुदमरेल. म्हणून या पुस्तकाच्या पानांवर ठोकळेबाज चौकटी नाहीत. गोंड चित्रांतल्या वळणदार नक्षीच्या रेषाच प्रसंगाला प्रसंगापासून वेगळे करतात. चौकटींचे एवढे गुणगान नुकतेच शिकून बसलेल्या मला येथे पुन्हा पाटी पुसावी लागली.

त्यातला एक प्रसंग आपल्या सातारा जिल्ह्यातला आहे. साल 1901. छोटा भीम साताऱ्याला राहत होता. वडील खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे नोकरीला होते. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून तेथे सरकारने तलाव खोदण्यास घेतला होता, आणि त्या कामावर ते खजिनदार होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत भीम, त्याचा भाऊ आणि बहिणीची मुले नवे कपडे घालून आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरली. पत्र वेळेवर न कळल्यामुळे घ्यायला कोणी आले नव्हते. आपण महार आहोत असे मुलांनी सांगताच स्टेशनमास्तरचा चेहरा पालटला. एकही गाडीवान त्यांना गाडीत घेईना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एकजण तयार झाला, तोही गाडी मुलांनीच हाकावी या अटीवर. रात्र पडली. जवळ खाण्याचे डबे होते. पण प्यायला पाणी कोणी दिले नाही. मुले उपाशीच निजली. जेथे वडील हजारोंच्या पाण्यासाठी तलाव खोदून घेत होते, त्या गावाच्या वाटेवर त्यांच्या मुलांना घोटभर पाणी मिळाले नाही.

हा प्रसंग मी बाबासाहेबांच्या आठवणींत पूर्वी वाचला होता, वर्गात सांगितलाही होता. तरी या पुस्तकात तो मला नव्याने भेटला, तो बोलण्याच्या फुग्यांमुळे. चित्रातल्या माणसाचे बोलणे ज्या फुग्यात लिहितात, त्यांचे व्याम दांपत्याने वेगवेगळे प्रकार केले. सौम्य बोलणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा. ज्याच्या शब्दांत विष आहे, त्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. मनातल्या विचाराला एक डोळा. अक्षर वाचण्याआधीच कळते, की हे वाक्य डंख मारणार आहे. मी ‘दंश करणारे शब्द’ हा वाक्प्रयोग मुलांना अनेकदा समजावून सांगितला असेल. पण नांगी कधी दाखविली नव्हती.

आणि नांगी म्हटले, की मला सातवीचा तो वर्ग आठवतो. माझ्या त्या दिवसाच्या वाक्यांभोवती कोणत्या आकाराचा फुगा काढावा लागेल, याविषयी मला शंका नाही.

ते पुस्तक त्या मुलाचे नव्हते. दिवसाला चार आणे भाड्याने त्याने ते आणले होते, आणि परत न दिल्यामुळे त्याची पूर्ण किंमत त्याला भरावी लागली, असे त्याच्या सोबत्याने मला वर्षअखेरीस सांगितले. तो मुलगा एकदा माझ्या खोलीच्या दाराशी आला होता. मी कोणाशी तरी बोलत होतो. तो काही न बोलता परत गेला. त्यानंतर कपाट आवरताना ते पुस्तक रद्दीत गेले. पुढे त्याने गाव सोडले. तो आज कोठे आहे, मला माहीत नाही.

गेल्या वर्षी पुण्यात पदपथावरच्या जुन्या पुस्तकांत मला वेताळाचा एक अंक मिळाला. पाने पिवळी पडली होती, एक कोपरा वाळवीने खाल्ला होता. तोच अंक की दुसरा, हे सांगता येणार नाही. मी तेथेच उभा राहून पाने उलटू लागलो. मध्यावर एका चौकटीत वेताळ उंच भिंतीवर उभा होता, दुसरीत तो खाली जमिनीवर होता. मी त्या दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीकडे पाहत राहिलो. दुकानदाराने दोनदा किंमत सांगितली. उडी दिसायला मला थोडा वेळ लागला, पण दिसली.