मर्सिडीज डी-३ : एका इंजिनाचा इतिहास

विमानाचे इंजिन हा विषय कला शाखेच्या विद्यार्थ्याने लेखासाठी निवडावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. विज्ञान शाखेतील मित्रांच्या प्रांतात ही घुसखोरी आहे, असेही कोणी म्हणेल. परंतु पहिल्या महायुद्धाचा अभ्यास करताना एक प्रश्न मला वारंवार अडवू लागला. १९१६ पासून युद्ध संपेपर्यंत जर्मनीची बहुतेक प्रमुख लढाऊ विमाने मर्सिडीज डी-३ या एकाच पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनावर उडत होती. या काळात शत्रूची इंजिने झपाट्याने बदलली. मग जर्मनीने हेच इंजिन का धरून ठेवले? त्यातून काय साधले आणि काय गमावले? या प्रश्नाचे उत्तर शोधताना यंत्रशास्त्राइतकाच व्यापार, कच्चा माल आणि तहनामे यांचाही विचार करावा लागतो. म्हणून हा लेख.

पूर्वपीठिका

गोटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख या जोडीने पेट्रोलवर चालणारे लहान, वेगवान इंजिन बनविले, हे मोटारगाडीच्या इतिहासात आपण वाचतो. त्यांचे इंजिन आकाशातही फार लवकर गेले. १० ऑगस्ट १८८८ रोजी डाइमलरचे इंजिन बसविलेले व्योल्फर्ट यांचे बलून कानश्टाट येथून उडाले. राइट बंधूंच्या उड्डाणाला त्या वेळी पंधरा वर्षे अवकाश होता. पुढे १९०१ च्या मर्सिडीज मोटारीसाठी मायबाख यांनी मधमाशांच्या पोळ्यासारखा रेडिएटर तयार केला. थोडक्या पाण्यातून पुष्कळ उष्णता बाहेर काढण्याची ही युक्ती विमानाच्या फार उपयोगी पडली, कारण विमानात पाण्याचा प्रत्येक लिटर म्हणजे एक किलो ओझे.

तथापि १९१० च्या सुमारास विमानविद्येत पुढारीपण फ्रान्सकडे होते. ही उणीव भरून काढण्यासाठी कैसर दुसरा विल्हेल्म याने २७ जानेवारी १९१२ रोजी, आपल्या वाढदिवशी, सर्वोत्तम जर्मन विमान-इंजिनासाठी ५०,००० मार्कांचे बक्षीस जाहीर केले. पुढील वर्षी निकाल लागला. पहिला क्रमांक बेंझ कंपनीला आणि दुसरा डाइमलरला मिळाला. या चुरशीतून डाइमलरची १०० अश्वशक्तीची डी-१, १२० अश्वशक्तीची डी-२ आणि १९१४ मध्ये १६० अश्वशक्तीची डी-३ ही इंजिने पुढे आली.

रचना

डी-३ मध्ये सहा सिलिंडर एका रांगेत उभे असतात. प्रत्येकाचा व्यास १४० मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव १६० मिलिमीटर. शाळेतील घनफळाचे सूत्र आठवून हिशेब केला तर सहा सिलिंडरांची एकूण क्षमता सुमारे १४.८ लिटर येते. इंजिन मिनिटाला १४०० फेरे घेई. चार धावांच्या चक्रात प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांत एकदा स्फोट होतो. म्हणजे मिनिटाला ४२०० आणि सेकंदाला ७० स्फोट!

सहाच सिलिंडर आणि तेही एकाच रांगेत का, याला कारण आहे. अशा मांडणीत दट्ट्यांच्या वर-खाली होण्याने बसणारे धक्के एकमेकांना जवळजवळ पूर्णपणे छेदतात व इंजिन शांतपणे फिरते. लाकूड आणि कापड यांच्या सांगाड्याला हा मोठाच दिलासा होता. शिवाय असे इंजिन अरुंद असल्यामुळे विमानाचे नाक निमुळते ठेवता येई.

सिलिंडर पोलादाचे व एकमेकांपासून सुटे होते. प्रत्येकाभोवती पातळ पोलादी पत्र्याचे वेष्टन वेल्डिंगने जोडलेले असे आणि त्या पोकळीतून पाणी खेळे. एखादा सिलिंडर बिघडला तर तेवढाच बदलता येई. वरच्या बाजूने एकच कॅमशाफ्ट सर्व झडपा उघडी. त्याला गती देणारा उभा दांडा इंजिनाच्या मागच्या टोकाला होता. प्रत्येक सिलिंडरला दोन ठिणगी-प्लग आणि त्यांना वीज पुरविणारे दोन स्वतंत्र मॅग्नेटो होते. एक मॅग्नेटो बंद पडला तरी दुसऱ्याच्या आधारे वैमानिक घरी परते. हाताळणाऱ्या मेकॅनिकची आणि उडणाऱ्या वैमानिकाची गरज ओळखून केलेली ही रचना आहे.

पाणी की वारा?

पेट्रोल जळून निर्माण होणाऱ्या उष्णतेचा मोठा भाग गतीत न बदलता इंजिनातच साचतो. तो बाहेर काढला नाही तर दट्ट्या सिलिंडरमध्ये चिकटून बसेल. यावर त्या काळी दोन उपाय होते. फ्रेंचांच्या नोम इंजिनात क्रँकशाफ्ट स्थिर राही आणि सिलिंडरांचे संपूर्ण चक्रच पंख्यासह फिरे, त्यामुळे वाऱ्यानेच ते थंड होत. पाणी नको, रेडिएटर नको, वजन कमी. जर्मनीत ओबरउर्सेलच्या कारखान्यात याच धर्तीची इंजिने बनत आणि फोकरची पहिली लढाऊ विमाने त्यांच्यावरच उडत.

पण फिरत्या इंजिनाची एक अट होती. त्याला वंगण म्हणून एरंडेल लागे, कारण ते पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही. हे एरंडेल जळक्या वायूबरोबर बाहेर फेकले जाई व पुन्हा वापरता येत नसे. आपल्याकडे एरंडेलाचा घरगुती उपयोग कशासाठी होतो, हे वाचकांना सांगायला नको. वैमानिकांच्या पोटावरही त्याच्या धुराचा तोच परिणाम होई म्हणतात! विनोद बाजूला ठेवला तर मुद्दा गंभीर आहे. एरंडाच्या बियांचा मोठा पुरवठादार होता हिंदुस्थान, आणि समुद्रावर नाकेबंदी होती ब्रिटिश आरमाराची. जर्मनीत एरंडेल दुर्मिळ झाले, बदली तेले निकृष्ट निघाली आणि चांगली इंजिने तापून निकामी होऊ लागली. पाण्याच्या इंजिनाला मात्र साधे खनिज तेल चाले आणि तेच तेल पुन्हा पुन्हा फिरविता येई. डी-३ वरील जर्मनीची भिस्त वाढण्यामागे आपल्या शेताच्या बांधावर उगवणाऱ्या एरंडाचाही हात होता, ही गोष्ट मला फार उद्बोधक वाटते.

आकाशातील कसोटी

१९१६ च्या शरद ऋतूत डी-३ बसविलेली आल्बाट्रॉस विमाने आघाडीवर आली. १६० अश्वशक्तीमुळे ती एकाऐवजी दोन मशीनगन वाहू शकत आणि तरीही वेगात कमी पडत नसत. एप्रिल १९१७ मध्ये ब्रिटिशांनी सुमारे २४५ विमाने गमावली. त्या महिन्याला इंग्रजी इतिहासकार ‘रक्तरंजित एप्रिल’ म्हणतात.

पाण्याच्या इंजिनाचा धोकाही याच विमानांत दिसला. आल्बाट्रॉसचा रेडिएटर वरच्या पंखाच्या मध्यभागी, वैमानिकाच्या जवळजवळ डोक्यावर होता. त्याला गोळी लागली की उकळते पाणी वैमानिकाच्या तोंडावर पडे. अखेर रेडिएटर उजवीकडे सरकवावा लागला. चित्रशाळेत बसून आखलेल्या एका रेषेची किंमत दुसरा कोणी आपल्या कातडीने चुकवितो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला आढळले नाही.

उंचीचा प्रश्न

दरम्यान दुसरी बाजू स्वस्थ बसली नव्हती. मार्क बिर्किग्ट यांच्या हिस्पानो-सुइझा इंजिनात आठ सिलिंडर इंग्रजी व्ही अक्षराप्रमाणे दोन ओळींत, ॲल्युमिनियमच्या अखंड ठोकळ्यात बसविलेले होते. ते आखूड आणि हलके होते, शिवाय त्याची शक्ती वाढवत नेण्यास वाव होता. डी-३ च्या सुट्या सिलिंडरांचा गुण येथे दोष ठरला, कारण त्यांच्यामुळे इंजिन लांब व जड राही.

त्यात भर पडली विरळ हवेची. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो, आणि इंजिनाची शक्तीही त्याच प्रमाणात घसरते. डाइमलरने दाब-गुणोत्तर वाढवून डी-३ च्या सुधारित आवृत्त्या काढल्या. परंतु खरी झेप घेतली ती डाइमलर सोडून म्युनिकला गेलेल्या माक्स फ्रिट्झ या अभियंत्याने. १९१७ मध्ये त्याने आखलेल्या बीएमडब्ल्यू ३-ए इंजिनातही सहा सुटे सिलिंडर होते आणि पाणीही होते. पण क्षमता १९.१ लिटर आणि दाब-गुणोत्तर सहाच्या वर होते. जमिनीजवळ हे इंजिन पूर्ण उघडणे धोक्याचे होते. त्याचे खरे बळ उंचावर प्रकट होई. फोकर डी-७ हे नामांकित विमान प्रथम मर्सिडीजवर आणि पुढे काही प्रमाणात या नव्या इंजिनावर उडाले.

याच फोकर विमानांशी झुंजताना २२ जुलै १९१८ रोजी इंद्रलाल रॉय हा आपला वैमानिक फ्रान्समध्ये पडला. ६ ते १९ जुलै या अवघ्या दोन आठवड्यांत त्याने दहा विजय नोंदविले होते. तो एकोणीस वर्षांचा होता, म्हणजे आपल्या प्रथम वर्षाच्या वर्गात शोभेल एवढा. अश्वशक्तीचे आकडे वाचताना हे वय विसरू नये.

तह आणि वारसा

११ नोव्हेंबर १९१८ च्या युद्धविरामात जर्मनीने सर्व फोकर डी-७ विमाने हवाली करावीत, असे नाव घेऊन लिहिलेले आहे. १९१९ च्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीला लष्करी विमानदल ठेवण्यास बंदी केली आणि विमाने व त्यांची इंजिने यांच्या निर्मितीवर सहा महिन्यांची मनाई घातली. माक्स फ्रिट्झने पुढे मोटारसायकलकडे लक्ष वळविले. १९२३ ची बीएमडब्ल्यू आर-३२ ही त्याचीच रचना.

विद्येला मात्र अशी बंदी घालता येत नाही. सुटे पोलादी सिलिंडर आणि वेल्डिंगने जोडलेले पाण्याचे वेष्टन ही डाइमलरची पद्धत ब्रिटनच्या रोल्स-रॉइस ईगल आणि अमेरिकेच्या लिबर्टी या इंजिनांत युद्ध चालू असतानाच उतरली होती. शत्रूचा माणूस आणि शत्रूचा माल अडविणारी सरहद्द शत्रूच्या कल्पनेला बिनतक्रार आत घेते!

मला पडलेल्या प्रश्नाचे उत्तर यातून मिळते, असे वाटते. डी-३ वर जर्मनी विसंबली, कारण ते भरवशाचे होते, हाताशी असलेल्या तेलावर चाले आणि कारखान्यांना ते बनविण्याची सवय झाली होती. या तिन्ही गोष्टी शहाणपणाच्याच होत्या. पण त्याच शहाणपणामुळे नव्या रचनेला उशीर झाला, आणि तो भरून काढण्याइतका वेळ जर्मनीजवळ उरला नाही. आज वॉशिंग्टन आणि कॅनबेरा येथील संग्रहालयांत आल्बाट्रॉस विमाने जतन केलेली आहेत. त्यांचे निमुळते नाक पाहताना आत दडलेल्या सहा सिलिंडरांची आठवण ठेवावी. आणि त्याबरोबर एरंडाच्या बीची, भाजलेल्या चेहऱ्यांची आणि एकोणीस वर्षांच्या इंद्रलालचीही.