बॉनेट उघडल्यावर

वाणिज्य शाखेच्या मुलाने मोटारीच्या इंजिनावर लेख लिहावा याचे आपणांस नवल वाटेल. मलाही वाटते. परंतु ताळेबंदाचे ‘विंडो ड्रेसिंग’ म्हणजे काय, हे वर्गात मला नीटसे उमगले नव्हते. ते गेल्या मे महिन्यात आमच्या अंगणात, कोपरापर्यंत काळ्या झालेल्या हातांनी उमगले. म्हणून हा प्रपंच.

आमच्या आबांची १९८८ सालची प्रीमियर पद्मिनी. फियाटच्या ११०० या गाडीवरून कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेली, १०८९ सी.सी.ची, चार सिलिंडरची. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींतून पद्मिनी कायमची गेली, त्या दिवशी आबा जेवताना एक शब्द बोलले नाहीत. यंदा गुडघेदुखीमुळे त्यांना क्लच दाबवेना, तेव्हा गाडी विकायचे ठरले. रविवारी खानापूरहून गिऱ्हाईक येणार होते. आबा म्हणाले, “बाळ, इंजिन जरा चकचकीत करून ठेव.”

चकचकीत करण्याचा झटपट मार्ग सर्वांना ठाऊक आहे : जोरदार पाण्याचा फवारा आणि वरून डिझेलचा हात. मागच्या वर्षी मी एका धुलाई केंद्रात तसेच करून घेतले होते. रबर काळेभोर चमकले. पण टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ गाडी जी बंद पडली ती पडलीच. मागे हॉर्नचा गजर आणि मी एकटा ढकलतोय. डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीत पाणी शिरले होते. प्लगकडे जाणारी वीज ओल्या टोपीतून भलत्याच वाटेने पळत होती. शिवाय डिझेलच्या ओशट थरावर आठवड्याभरात पहिल्यापेक्षा जास्त धूळ बसली.

म्हणून या खेपेस मी आमच्या मेस्त्रीमामांना विचारले. ते माझ्याशी नेहमी कन्नडमध्येच बोलतात. म्हणाले, “तम्मा, मोदलु नोडु, आमेले तोळी.” म्हणजे, बाळा, आधी बघ, मग धू.

बघायचे काय, तर मळ कुठे जास्त आहे ते. इंजिनावरचा मळ सगळीकडे सारखा नसतो. सांध्यातले पॅकिंग कडक झाले की तेल पाझरते, त्यावर आपल्याकडची तांबडी धूळ बसते आणि इंजिनाच्या उष्णतेने ते सारे भाजून त्याचे खापर होते. तेव्हा जिथे थर जाड, तिथे किंवा त्याच्या वरच्या बाजूला गळती. धुऊन टाकले की हा पुरावा गेला. मी वहीत आकृती काढून जाड थरांच्या जागा लिहून घेतल्या. टॅपेट कव्हरच्या कडेचा थर सर्वांत जाड होता.

आता प्रत्यक्ष काम. इंजिन पूर्ण गार हवे. मी सकाळी सहाला बसलो. प्रथम बॅटरीच्या दोन तारांपैकी बॉडीला जोडलेली तार सोडवावी. दुसरी आधी सोडवू गेल्यास पाना चुकून बॉडीला टेकला की ठिणगी उडते. मग डिस्ट्रिब्यूटर, कॉइल, डायनामो, फ्यूजची पेटी आणि कार्बुरेटरचे तोंड यांवर दुधाच्या रिकाम्या पिशव्या सुतळीने घट्ट बांधल्या. किती बांधल्या ते लिहून ठेवा. माझ्या सात होत्या. शेवटी सोडताना सहाच सापडल्या आणि सातवीसाठी अर्धा तास गेला.

त्यानंतर पाणी नाही, साबण नाही, कोरडी खरवड. लाकडी चिपाट, रंगाचा जुना ब्रश आणि टाकून दिलेला टूथब्रश. लोखंडी पट्टीने पॅकिंगच्या कडा दुखावतात. हे काम कंटाळवाणे खरे, पण निम्म्याहून अधिक मळ इथेच निघतो. खाली गोणपाट व वर्तमानपत्रे पसरावीत, म्हणजे तेलकट काळा गाळ गटारात किंवा विहिरीच्या वाटेला जात नाही.

उरलेल्या चिकट थरासाठी पुष्कळ जण रॉकेल वापरतात. ते मळ सोडवते यात शंका नाही, परंतु रबरी नळ्या व पट्टा त्याने फुगून नरम होतात, आणि त्याची वाफ साधारण ४० अंशांच्या आसपास पेट घेऊ शकते. गरम इंजिनाजवळ हा खेळ नको. कॉस्टिक सोडाही नको. ॲल्युमिनियमला तो खातो. पाण्यात मिसळण्याचे डिग्रीजर मिळते, नाहीतर भांडी घासायच्या साबणाचे दाट पाणी चालते. साबणाच्या कणाचे एक टोक तेलाला धरते, दुसरे पाण्याला. तेलाला पाण्याबरोबर न्यायचे त्याचे सारे कसब एवढेच. लावताना खालून वर लावावे, म्हणजे ओघळांचे डाग पडत नाहीत. दहा मिनिटे मुरू द्यावे, वाळू मात्र देऊ नये. मग झारीने थोडे थोडे पाणी वरून खाली सोडावे आणि ब्रश फिरवावा. नळीचा जोर इथे शत्रू.

पेट्रोल पंपाकडून कार्बुरेटरकडे जाणारी रबरी नळी मी अशीच घाशीत होतो. मळाखाली ती धडधाकट दिसत होती. मळ निघाल्यावर बघतो तो कोरड्या नदीपात्रासारख्या भेगा, आणि क्लिपपाशी पिवळसर डाग. बोटाने वाकवली तर भेगेत पेट्रोल चमकले. ठिणगी देणारा डिस्ट्रिब्यूटर फार दूर नव्हता. याच गाडीतून आबा आजीला दवाखान्यात नेत असत. मी ब्रश खाली ठेवला आणि काही वेळ तसाच पायरीवर बसलो.

मेस्त्रीमामांनी कारण सांगितले : वय, उष्णता आणि आताचे पेट्रोल. २०२५ पासून आपल्याकडे पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाते. आपल्या जिल्ह्यातले साखर कारखानेही ते बनवतात. पण १९८८ चे रबर त्यासाठी घडवलेले नव्हते. नव्या पेट्रोलला टिकणारी नळी आणि दोन क्लिपा यांचा खर्च चहा धरून दोनशेच्या आत झाला. टॅपेट कव्हरचे पॅकिंगही बदलले.

पुढे सगळे पुसून कोरडे केले, पिशव्या सोडल्या, टोपीच्या आतून सुके फडके फिरवले, बॅटरी जोडली आणि पंधरा मिनिटे इंजिन चालू ठेवले. गार झाल्यावर संशयित सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरली (आजीची, न विचारता). फेरी मारून आलो तेव्हा कव्हरची कड पांढरीच होती, पण इंजिन व गिअरबॉक्स यांच्या सांध्यावर तपकिरी रेघ उमटली होती. तो दोष काढायचा तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. रविवारपर्यंत ते शक्य नव्हते.

शनिवारी रात्री बाबा मला म्हणाले, “खालून एकदा डिझेलचा हात मार. दिसणार नाही.” खरे सांगतो, मनात आले होते. फडके हातात घेतलेही होते. मी आबांकडे पाहिले. त्यांनी कालचे वर्तमानपत्र उचलले आणि वाकता येत नसताना भिंतीला धरून ते गाडीखाली सरकवले.

सकाळी त्यावर चार थेंब होते. गिऱ्हाईक आले, बॉनेट उघडले, खूश झाले. आबांनी आधी जुनी फाटकी नळी त्यांच्या हातात ठेवली, मग वर्तमानपत्र दाखवले आणि गिअरबॉक्स उतरवावा लागेल हे सांगितले. ठरलेल्या भावातून तीन हजार कमी झाले. बाबा आत निघून गेले. गिऱ्हाईकाने नळी परत दिली. वर्तमानपत्र मात्र, थेंब आतल्या बाजूला येतील अशी घडी घालून, आपल्या मेस्त्रीला दाखवायला खिशात ठेवले.