उभी गाडी रेस का घेते?



ऊस विकास विभागाने या वेळी मोटारीवर लिहावे याचे नवल वाटेल. पण ऊस नोंदीसाठी गटात फिरताना सभासद आम्हाला लागणीइतकेच गाडीचे दुखणेही विचारतात. पहिली मारुती 800 डिसेंबर 1983 मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी 2014 मध्ये तिचे उत्पादन थांबले. तरी ती गाडी आणि तिची थोरली बहीण शोभावी अशी ओम्नी आपल्या भागात अजून पुष्कळ अंगणांत उभी आहे. बाजार, दवाखाना, बांधापर्यंतची फेरी, सगळे ती बिनबोभाट करते. तक्रार बहुतेकांची एकच असते : "साहेब, न्यूट्रलला उभी असली तरी नुसती रेस घेते. पाय काढला तरी आवाज उतरत नाही."

आधी एक गोष्ट पाहावी. सकाळी थंड इंजिनवर चोक ओढून गाडी चालू केली तर रेस जास्तच असते, आणि ती असायलाच हवी. तो बिघाड नव्हे. गाडी दहा-पंधरा मिनिटे चालून उष्णतेचा काटा नेहमीच्या जागी आला आणि चोक पूर्ण आत ढकलला, म्हणजे मग ऐकावे. तेव्हा 800 चे इंजिन मिनिटाला साधारण साडेआठशे-नऊशे फेऱ्यांवर संथ चालले पाहिजे. बहुतेक गाड्यांत फेरे दाखवणारा काटा नसतो, पण रोज ऐकणाऱ्या मालकाचा कान पुरेसा असतो. गरम झाल्यावरही आवाज चढाच राहिला, गिअर टाकताना खरखर झाली, पायडल सोडूनही गाडी पुढे ओढू लागली, तर काहीतरी बिघडले आहे. हंगामात पुढे बैलगाडी आणि मागे ट्रॉली असताना अशी गाडी हाकणे बरे नव्हे. पेट्रोल फुकट जाते ते वेगळेच.

आता सर्रास काय होते? गाडी गॅरेजला जाते, कारागीर स्क्रूड्रायव्हर घेतो, कार्बोरेटरचा स्लो स्क्रू दोन आटे सोडतो, आवाज उतरतो आणि सभासद खूश होऊन घरी येतो. आठ दिवसांनी तीच गाडी थंडीत बंद पडू लागते, किंवा रेस पुन्हा चढते. चुनखडीच्या जमिनीत उसावर केवडा पडला की काही जण पान पिवळे दिसले म्हणून युरिया टाकतात, त्यातलाच हा प्रकार. तिथे लोह कमी पडलेले असते. हिराकसाशिवाय पान हिरवे होत नाही आणि युरिया वाया जातो.

कार्बोरेटरच्या आत थ्रॉटलची एक झडप असते. पायडल दाबले की ती उघडते, सोडले की जवळजवळ मिटते. इंजिन मात्र हवा ओढतच असते, त्यामुळे झडपेच्या पलीकडे, म्हणजे मॅनिफोल्डमध्ये, जोराची ओढ तयार होते. गरम इंजिनाची रेस चढते तेव्हा बहुधा दोनपैकी एक झालेले असते. झडप पुरती मिटत नाही, किंवा झडपेला चुकवून दुसरीकडून हवा आत शिरते आहे. विहिरीवरच्या मोटारीच्या सक्शन पाइपला केसाएवढी चीर पडली तरी पंप पाणी सोडतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. त्या चिरेतून थेंबही बाहेर येत नाही, कारण ती आत ओढते. इथेही तसेच. म्हणून हवा कुठून शिरते ते आधी शोधावे आणि स्क्रूला हात सर्वांत शेवटी लावावा.

तपासणी मोकळ्या जागेत करावी. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवणे जिवावरचे आहे, त्या धुराला वास नसला तरी तो माणूस मारतो. हँडब्रेक ओढावा, गाडी न्यूट्रलला ठेवावी, चाकाला दगड लावावा. उपरणे, पदर, सैल बाही पट्ट्यापासून लांब ठेवावी. रेडिएटरचा पंखा विजेवरचा असतो, तो न सांगता सुरू होतो.

पहिल्यांदा सोपे पाहावे. पायाखालची मॅट सरकून पायडलवर चढली आहे का? हसू येईल, पण हे आम्ही एकदा नव्हे, तीनदा पाहिले आहे. मग बॉनेट उघडून कार्बोरेटरवरचा थ्रॉटलचा दांडा बोटाने मिटण्याच्या बाजूला हलका दाबावा. आवाज उतरला तर केबल धुळीने घट्ट झाली आहे, ताणून बसवली आहे किंवा रिटर्न स्प्रिंग सैल झाली आहे. पायडल सोडल्यावर केबलला किंचित ढील हवी. चोकचेही तसेच. नॉब आत गेला तरी केबल मध्येच अडकलेली असू शकते. इंजिन बंद करून फिल्टरचे झाकण काढले की चोकची पाती दिसते. गरम इंजिनात ती उभी, म्हणजे पूर्ण उघडी असावी.

इतके ठीक असेल तर रबरी नळ्यांकडे वळावे, आणि इथे घाई करू नये. इंजिनच्या उष्णतेने रबर दहा-पंधरा वर्षांत वाळून कडक होते आणि टोकाशी चिरते. चालू इंजिनावर कान देऊन 'स्स्स' असा आवाज येतो का ऐकावे. मॅनिफोल्डला जाणारी एकेक नळी फडक्यातून पकडीने हलकी दाबावी. जी दाबल्यावर रेस उतरेल तिथे पुढे गळती शोधावी. फक्त पीसीव्हीची नळी आणि एसीच्या गाडीतली रेस चढवणारी नळी याला अपवाद, त्या दाबल्या तर थोडा फरक पडणारच. कार्बोरेटरच्या बुडाचे पॅकिंग पाहायचे तर फवाऱ्याच्या बाटलीने साध्या पाण्याचा बारीक फवारा कडेने मारावा. आवाज बदलला तर हवा तिथूनच शिरते. डिस्ट्रिब्युटर आणि प्लगच्या वायरींवर पाणी जाऊ देऊ नये. या कामाला काही जण पेट्रोल शिंपडतात, ते कदापि करू नये. गरम इंजिन आणि ठिणगी दोन्ही हाताशीच असतात.

एका सभासदाला गेल्या हंगामात नवा कार्बोरेटर घालायला सांगितले होते. शोधल्यावर मॅनिफोल्डच्या एका न वापरलेल्या तोंडावरची रबरी टोपी वाळून फुटलेली निघाली. टोपी बदलली, स्क्रू मूळ जागी आणला, गाडी शांत झाली.

चीर फार मोठी असेल तर रेस वाढण्याऐवजी इंजिन लटपटते, म्हणून लक्षण बदलले तरी शोध तोच. ही गळती अंगावर काढू नये याचे आणखी एक कारण आहे. चिरेतून शिरणारी हवा फिल्टरमधून गाळून येत नाही. आपले ऊसवाहतुकीचे रस्ते डोळ्यासमोर आणा, ती सगळी धूळ सरळ सिलिंडरमध्ये जाते आणि रिंगा झिजवते. शिवाय पेट्रोल कमी व हवा जास्त असे मिश्रण व्हॉल्व्हला भाजून काढते.

सर्वांत महत्त्वाची नळी ब्रेक बूस्टरची. ज्या गाडीला बूस्टर आहे तिथे मॅनिफोल्डची हीच ओढ ब्रेक दाबायला मदत करते. त्या जाड नळीतून किंवा बूस्टरच्या पडद्यातून हवा शिरली तर रेस चढतेच, आणि ब्रेकचे पायडलही दगडासारखे कडक होते. ब्रेक पुरता जात नाही, पण दुप्पट-तिप्पट जोर लावावा लागतो, आणि समोर ट्रॉली थांबली असेल तर तेवढा वेळ मिळत नाही. पारख घरी होते. इंजिन बंद ठेवून ब्रेक पाच-सहा वेळा दाबावा, पाय तसाच दाबून धरावा आणि इंजिन चालू करावे. पायडल किंचित खाली गेले तर बूस्टर काम करतो. हलले नाही, किंवा ब्रेक दाबताच आवाज बदलून फुसफुस ऐकू आली, तर गाडी त्या दिवशी रस्त्यावर काढू नये, कारागीर घरी बोलवावा.

पिकअप वाढावा म्हणून कोणी डिस्ट्रिब्युटर फिरवून टायमिंग पुढे घेतले असेल तरी रेस चढते. ते दिव्याने तपासून घ्यावे. हे सगळे नीट झाल्यावर, इंजिन गरम असताना, स्लो स्क्रू आणि मग मिश्रणाचा स्क्रू लावायचा.

2000 च्या सुमारास आलेल्या एमपीएफआय गाड्यांना कार्बोरेटर नाही, पण हवेचा हिशेब तोच. तिथे थ्रॉटलच्या तोंडाशी काजळी धरते, किंवा संथ चालीची हवा सोडणारा व्हॉल्व्ह अडकतो. ते स्वच्छ करून घ्यावे, थ्रॉटलच्या सीलबंद स्क्रूला हात लावू देऊ नये. अशा गाडीत कूलंट कमी झाले किंवा उष्णतेचा सेन्सर बिघडला तर संगणकाला इंजिन थंडच आहे असे वाटते आणि तो रेस व पेट्रोल दोन्ही वाढवतो. म्हणून गॅरेजला जाण्याआधी कूलंटची पातळी पाहून घ्यावी, मात्र इंजिन पूर्ण निवल्यावरच. गरम रेडिएटरचे झाकण उघडले तर उकळते पाणी तोंडावर येते.