हजेरीपत्रक आणि गळिताचा हंगाम

दिवाळीची सुटी संपून शाळेच्या दुसऱ्या सत्रास आरंभ होतो, त्याच सुमारास आमच्या बारामती व इंदापूर तालुक्यांत आणखी एका सत्रास आरंभ होतो. तें साखर कारखान्यांचें सत्र होय. माळेगांव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथील कारखान्यांच्या गव्हाणींत पहिली मोळी पडते, धुरांडीं धुमसूं लागतात, आणि रस्त्यांवरून उंसानें शिगोशीग भरलेल्या गाड्यांची व ट्रॅक्टरांची रांग लागते. गाडीमागें धावून एखादें कांडें ओढावें असा मोह आमच्या वयाच्या कोणत्या मुलास होत नाहीं? परंतु तो ऊंस तोडून, त्याच्या मोळ्या बांधून त्या गाडींत चढविणाऱ्या माणसांचीं मुलें त्या वेळीं कोठें असतात, हा प्रश्न उंसाच्या गोडीपुढें सहसा कोणास सुचत नाहीं. ह्या लेखांत आम्हीं त्याच प्रश्नाचा विचार करण्याचें योजिलें आहे. राष्ट्राचे प्रश्न म्हटले म्हणजे ते दिल्लीस सुटावयाचे, अशी आम्हां विद्यार्थ्यांची समजूत असते. हा प्रश्न मात्र दर वर्षीं आपण होऊन आमच्या गांवाच्या वेशीवर येतो आणि पाचटानें शाकारलेल्या कोप्यांत पांच महिने मुक्काम करतो.

हीं माणसें येतात तीं बहुधा बीड जिल्ह्यांतून. कांहीं पाथर्डी-शेवगांवकडून, कांहीं जालन्याकडून. नवरा व बायको मिळून जी जोडी होते तिला ह्या धंद्यांत ‘एक कोयता’ म्हणतात. शब्द मोठा बोलका आहे. दोन माणसांची गणती त्यांच्या हत्याराच्या नांवानें होते. हंगाम सुरू होण्यापूर्वींच मुकादम ह्या जोडीस आगाऊ रक्कम देतो, तिचें नांव उचल. तींतून मागचें देणें, आजारपण, लग्नकार्य असे खर्च भागतात, आणि मग ती रक्कम फिटेपर्यंत ऊंस तोडावयाचा. मजुरी टनावर मिळते. जितके हात अधिक तितकें वजन अधिक. म्हणून दहा-बारा वर्षांचें पोर मोळी बांधूं लागलें, वाढें गोळा करूं लागलें, कीं त्याचे हात हिशेबाच्या वहींत न दिसतां हिशेबांत भर घालतात. त्याहून लहान मुलीकडे भावंडाची राखण येते. आई पहांटेच्या काळोखांत फडावर जाते, तान्हें बाळ फडाच्या कडेला झोळींत, आणि झोळीची दोरी आठ वर्षांच्या ताईच्या हातीं. ही ताई आळशी नाहीं, मंदबुद्धि नाहीं, आणि शाळेचा तिला कंटाळाहि नाहीं. तिला ह्या कामांतून रजा मिळत नाहीं, इतकेंच.

आपण येथें एक लहानसें गणित करून पाहूं. मोठी सुटी वजा जातां शाळेचें वर्ष सुमारें १० महिन्यांचें. गळिताचा हंगाम दसरा-दिवाळीस सुरू होऊन फाल्गुन-चैत्रापर्यंत, म्हणजे सुमारें ५ महिने चालतो. पहिलीपासून आठवीपर्यंत जें मूल दर वर्षीं आईबापांबरोबर फडावर येतें, त्याचे ८ वर्षांत ४० महिने बुडतात. १० महिन्यांचें एक वर्ष धरलें तर हीं पुरीं ४ वर्षें झालीं. म्हणजे आठवीच्या पटावर नांव असलेलें मूल प्रत्यक्षांत चार इयत्तांइतकेंच शिकलेलें असतें, आणि तेंहि सलग नव्हे, तर दर इयत्तेचें पहिलें अर्धें! त्याच्या क्रमिक पुस्तकाचीं पहिलीं पानें मळलेलीं आणि शेवटचीं कोरीं करकरीत असतात. परीक्षा मात्र सबंध पुस्तकावर होते. गांवच्या शाळेंत त्या पांच महिन्यांत त्याच्या नांवापुढें गैरहजेरी पडत जाते, आणि इकडे आमच्या हजेरीपत्रकांत त्याचें नांवच नसतें. एकच मूल दोन गांवीं दोन रीतींनीं नाहींसें होतें.

मराठवाडा दुष्काळी, म्हणून तेथील माणसें इकडे येतात, असें उत्तर नेहमीं दिलें जातें. तें अर्धेंच खरें आहे. आमचे हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत पडतात. येथें वर्षाकाठीं सरासरी ५०० मिलिमीटरांच्या आसपासच पाऊस पडतो, आणि बीड जिल्ह्याची सरासरी त्याहून अधिकच आहे. मग जेथें पाऊस कमी तेथें ऊंस, आणि जेथें अधिक तेथून ऊंस तोडणारे, हें कसें? ह्याचें उत्तर भोर तालुक्यांत भाटघर येथें आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत भाटघरचें पहिलें धरण व नीरेचा डावा कालवा हीं झालीं, आणि डोंगरांतला पाऊस पाटानें आमच्या शेतांत आला. पुढें इंदापूर तालुक्यांत कळंबच्या रानांत शेठ वालचंद हिराचंद ह्यांच्या उद्योगानें वालचंदनगर वसलें व १९३० नंतरच्या दशकांत तेथें साखर निघूं लागली. स्वातंत्र्यानंतर ठिकठिकाणीं सहकारी कारखाने उभे राहिले. आमच्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं पाटी आली ती ह्या पाटाच्या पाण्याबरोबर आली. (सुप्याकडील जिराईत गांवांतले आमचे सोबती हें वाक्य वाचून हंसतील, आणि त्यांचें हंसणें रास्त होईल; त्यांच्याकडे पाटाऐवजीं पाण्याच्या टँकरची वाट पाहण्याचे उन्हाळे पुष्कळ झाले आहेत.) सारांश, हें स्थलांतर एकट्या आभाळानें घडविलेलें नाहीं. पाणी कोणत्या गांवास द्यावयाचें व कोणत्या नाहीं, हें माणसांनीं ठरविलें, आणि त्या ठरावाच्या मागोमाग माणसें चालूं लागलीं.

आणि घर सोडून जाणें हें कांहीं परक्यांच्याच वांट्यास आलेलें आहे असें नव्हे. १८३० च्या सुमारास प्रिंगल साहेबांच्या पाहणीनें बसविलेला सारा इंदापूरच्या कुणब्यास इतका जड झाला, कीं जमिनी पड टाकून लोक परागंदा झाले. कित्येक शेजारच्या संस्थानी मुलखांत जाऊन राहिले. म्हणूनच १८३६ सालीं विंगेट व गोल्डस्मिड ह्या अधिकाऱ्यांनीं सारा कमी करून तीस वर्षांच्या मुदतीची जी नवी जमाबंदी बसविली, तिचा आरंभ इंदापुरापासून करावा लागला. पुढें १९८० सालीं उजनीचें धरण पुरें झालें, त्याच्या जलाशयांत जुन्या पळसदेवासारखीं गांवें गेलीं, तेव्हांहि इंदापूरकरांनीं बिऱ्हाडें पाठीवर घेतलीं. आमच्याच पणज्या-खापरपणज्यांनीं जें भोगलें, तेंच आज कोपींतील मूल भोगीत आहे.

येथें सुप्याची गोष्ट सांगितल्यावांचून आम्हांस पुढें जाववत नाहीं. १२ मे १८७५ रोजीं, बाजाराच्या दिवशीं, सुप्यास जमलेल्या शेतकऱ्यांनीं सावकारांच्या घरांवर व दुकानांवर हल्ला करून कर्जाचीं खतें व वह्या जाळल्या. दख्खनचे दंगे म्हणून जे इतिहासाच्या पुस्तकांत येतात, त्यांचा आरंभ आमच्या आजच्या बारामती तालुक्यांत झाला, हें आमच्या वर्गांतील किती जणांस ठाऊक असेल? दंगेखोरांचा मुख्य रोख कागदांवर होता, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. ज्या खतावर आपण आंगठा केला त्यांत काय लिहिलें आहे हें ज्यास वाचतां येत नाहीं, त्याच्या हातीं तो कागद जाळण्यापलीकडे दुसरा उपाय काय उरतो? १८७९ सालीं शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. परंतु उचल किती, फिटली किती, तोड किती टन झाली आणि बाकी पुढल्या सालीं किती ओढली, हा हिशेब आजहि पुष्कळ कोयत्यांच्या बाबतींत दुसऱ्याच्याच वहींत असतो. ह्या घरांतील एक मूल पुरतें लिहावाचावयास शिकलें तर बापास आपलें देणें आपल्याच माणसाकडून वाचून घेतां येईल. आम्हांस भागाकार हा परीक्षेंतील गुणांचा विषय वाटतो. त्या मुलाच्या घरीं तो पोटाचा विषय आहे.

कायद्यानें ह्या मुलांस विसरलें आहे असें मात्र म्हणतां येणार नाहीं. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीराव फुले ह्यांनीं बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें अशी मागणी केली. १९११ सालीं नामदार गोखले ह्यांनीं त्याच हेतूचें विधेयक मांडलें तें नामंजूर झालें. १९१७ सालीं शाहू महाराजांनीं करवीर राज्यांत तें करून दाखविलें. १९५० च्या राज्यघटनेनें दहा वर्षांच्या आंत सर्व मुलांस शिक्षण देण्याचा संकल्प केला, आणि अखेर ज्यास हक्क म्हणतां येईल असा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आला. ह्या कायद्याप्रमाणें सहा ते चौदा वर्षांच्या कोणत्याहि मुलास जवळच्या शाळेंत वर्षाच्या कोणत्याहि महिन्यांत प्रवेश मिळाला पाहिजे. दाखला आणला नाहीं, जन्मतारखेचा पुरावा नाहीं, म्हणून त्यास परत पाठवितां येत नाहीं. आणि त्यास वयास अनुरूप अशा वर्गांत बसवावयाचें असतें. कायद्याची मर्यादा एवढीच कीं तो चौदाव्या वर्षीं थांबतो. नववी-दहावीच्या, म्हणजे आमच्याच वयाच्या मुलामुलींस त्याचें छत्र नाहीं, आणि नेमका त्याच वयांत कोयता हातीं येतो. मुलींचें तर त्याहून बिकट. वयांत येणारी मुलगी फडावर न्यावी तर धास्ती, गांवीं एकटी ठेवावी तर धास्ती. मग अठरा वर्षें पुरीं होण्याच्या आधींच तिचें लग्न उरकून टाकण्याकडे आईबापांचा कल होतो. तो कायद्यानें गुन्हा आहे हें सांगून त्यांची धास्ती जात नाहीं. गांवीं तिला राहावयास वसतिगृह मिळालें तर जाते. हंगामापुरतीं वसतिगृहें निघालीं, आणि २०२१ सालीं सरकारनें संत भगवानबाबांच्या नांवानें वसतिगृहांची योजना जाहीर केली, ती ह्याचकरितां. मुलानें आपल्या गांवीं, आपल्या शाळेंत राहावें, हाच आमच्या मतें पहिल्या प्रतीचा उपाय होय.

परंतु जीं मुलें आलींच आहेत त्यांचें काय? कांहीं कारखान्यांच्या आवारांत पूर्वीं साखरशाळा चालत. त्या चालविणाऱ्यांच्या कळकळीविषयीं आम्हांस आदर आहे. तरी चार महिन्यांची वेगळी शाळा ही शेवटीं वेगळीच राहते, आणि तींतील मूल आपल्या वयाच्या इतर मुलांस भेटतच नाहीं. नेहमींच्या शाळेंत त्यानें बसावें हेंच योग्य. येथें मात्र कायद्याचें काम संपतें व आमचें, म्हणजे विद्यार्थ्यांचें, सुरू होतें. वर्गांत मध्येंच आलेल्या मुलास बांकावर जागा कोण देतो? त्याचें बीडकडील बोलणें ऐकून कोण हंसतें? मागील सत्राची वही त्यास कोण देतें? ज्या बारामतींत मोरोपंतांनीं आपल्या आर्या रचल्या त्या बारामतीच्या मुलांस मराठीच्या निरनिराळ्या धाटणींचें हंसें वाटावें हें शोभत नाहीं. आणि तसें पाहिलें तर पुण्याचा मनुष्य आमचें बोलणें ऐकून हंसतोच कीं! शिक्षकांस चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गांत एकास मागील पाठ पुन्हां समजावून देण्यास सवड नसते. शेजारी बसलेल्या मुलास ती मधल्या सुटींत असते.

पालकहो, आमच्या वह्यापुस्तकांचा खर्च पुष्कळ घरीं उंसाच्या बिलांतून निघतो, आणि तें बिल तोडणीवांचून निघत नाहीं. टोळी शेतांत उतरते तेव्हां किती कोयते आले हें आपण विचारतांच. त्याच दमांत किती मुलें आलीं हेंहि विचारावें, आणि तो आंकडा जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांस कळवावा. मुलांची नोंद घेणारे शिक्षक कोप्यांकडे जातात, परंतु टोळ्या एका फडावरून दुसऱ्या फडावर हालतात, आणि दिवसा कोपींत सांपडतात तीं म्हातारीं माणसें व कुत्रीं.

शिक्षण हमी कार्ड म्हणून एक पत्रक अशा मुलांस देण्यांत येतें. मूल गांव सोडतांना त्याचें किती शिकून झालें हें तेथील शिक्षक त्यावर लिहितात, आणि येथून परत जातांना येथील शिक्षकांनीं तसेंच लिहून द्यावयाचें असतें. हंगाम संपला म्हणजे ‘पट्टा पडला’ असें म्हणतात. पट्टा केव्हां पडणार ह्याचा अंदाज कारखान्यास असतो, मुकादमास असतो, शाळेस मात्र नसतो. मूल शनिवारीं वर्गांत असतें आणि सोमवारीं कोपीच्या जागीं नुसतें पाचट उरतें. त्याआधीं कार्डावर सही झाली असेल तर आपल्या गांवीं तें मूल पुढल्या इयत्तेंत बसतें; नसेल तर येथील चार महिन्यांचा अभ्यास कोठेंच नोंदला जात नाहीं. पट्ट्याची तारीख आठवडाभर आधीं वर्गशिक्षकांच्या कानावर घालणें हें काम उंसाच्या घरच्या विद्यार्थ्यास सहज करतां येण्याजोगें आहे. शेवटची तोड कोणाच्या फडांत आहे, हें त्यास रात्रीं जेवतांना घरींच ऐकूं येतें.