एक पट्टी, दोन अंगठे

आमच्या वऱ्हाडात पियानोकडे येणारा माणूस बहुधा पेटीवरून येतो. गुरुकुंज मोझरीच्या प्रभावामुळे भजनी मंडळं गावोगाव. बोटं सुरांना लहानपणीच सरावतात. मीही तसाच आलो. आता अमरावतीत शिकवतो, रविवारी अकोल्यात. पण पेटीवर डावा हात भात्यावर असतो. दोन्ही हात एकाच पट्टीवर येण्याचा प्रसंगच तिथे नाही.

पियानोच्या पहिल्या पुस्तकातच तो येतो. जॉन थॉम्पसनच्या बालपुस्तकांमुळे रुळलेल्या पद्धतीत दोन्ही अंगठे मधल्या सीवर, म्हणजे आपल्या पांढरी एकवर, ठेवायला सांगतात. उजवा हात तिथून वर चढतो, डावा खाली उतरतो, सी दोघांचा. अकोल्याची एक मुलगी इथे आली की थांबायची. “सर, आता कोन्त्या हातानं दाबू?” थांबली नाही, की सी गायब! डाव्या अंगठ्याने पट्टी धरून ठेवलेली, उजवा वरून दाबतोय. पण पट्टी आधीच खाली, मग हातोडी उठणार कशी?

हा दोष बोटांचा नाही, पेटीच्या शिस्तीचा आहे. पेटीवर बोट उचललं की सूर तुटतो, म्हणून पुढचा सूर लागेपर्यंत पट्टी सोडायची नाही हे अंगात मुरलेलं असतं. पियानोचा सूर आघाताने उमटतो. तोच सूर दुसऱ्या हाताने वाजवायचा, तर पहिल्या हाताने किंचित आधी जागा रिकामी करायलाच हवी. म्हणून मी आधी निघणारा हात पक्का करून घेतो; येणारा हात आपोआप जमतो.

किंचित म्हणजे किती, ते वाद्यावर आहे. एरारने १८२१ मध्ये केलेल्या यंत्रणेमुळे ग्रँड पियानोची पट्टी अर्धवट उठली तरी पुन्हा वाजते. उभ्या पियानोत सहसा ती सोय नसते. पावसाळ्यात लाकूड फुगलं की पट्टी आणखी आळसावते. घरच्या साध्या कॅसिओवर तर ती जवळजवळ पूर्ण वर येऊ द्यावी लागते.

दुसरा प्रकार कागदावरचा. वरच्या पाच रेघांखाली आणि खालच्या पाच रेघांवर, एकाच वेळी, तोच सी दोनदा छापलेला असतो. वाजवायचा एकदाच. चाल ज्या हातात आहे त्याने वाजवावा, दुसऱ्याचा सी पेन्सिलीने कंसात टाकावा. डाव्याचा सूर लांब आणि उजव्याला लगेच पुढे जायचं असेल, तर उजव्याने वाजवावं. डाव्याने त्याच पट्टीच्या काठावर बोट टेकवून ती दाबलेली ठेवावी, मग उजव्याने निघावं. सूर तुटत नाही. पेडलने भागवायला जाऊ नका, बाकीचे सूरही त्यात कालवले जातात. छापलेल्या एम.डी. (उजवा) आणि एम.एस. किंवा एम.जी. (डावा) या खुणा मात्र आधी वाचा.

मोठमोठ्यांनाही यातून सुटका नाही. बाखची गोल्डबर्ग व्हेरिएशन्स (१७४१) दोन पट्टीओळींच्या हार्पसिकॉर्डसाठी छापली गेली. पियानोवर ओळ एकच, त्यामुळे तिथले कित्येक सूर दोन्ही हातांच्या वाट्याला एकाच पट्टीवर येतात, आणि कोणी कधी सरकायचं हे वादकाला आधीच ठरवून ठेवावं लागतं.

परीक्षेला परक्या पियानोवर बसलात, तर मधला सी दोन्ही अंगठ्यांनी आळीपाळीने हळूच वाजवून बघा. पट्टी कितपत वर आल्यावर पुन्हा बोलते, ते तेवढ्यात कळतं.