दहा अंक मोजायचे

कऱ्हाड, गुरुवार रात्र

चि. निनाद,

काल फोनवर तू म्हणालास, "आत्या, बाबांना आता काही कळत नाही गं. काहीही विचारलं की 'तेच ते, तेच ते' एवढंच." फोन ठेवला आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. दादाला कळतं, निनाद. तुझी समजूत काढायची म्हणून हे लिहीत नाही. मागच्या रविवारी तू आणि वहिनी त्याच्या खाटेशी उभे राहून त्याच्या पेन्शनचं बोलत होतात, तेव्हा त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. तुमचं लक्ष नव्हतं. मी समोर बसले होते.

डॉक्टरांनी कागदावर 'अफेजिया' लिहिलंय, त्याला मराठीत वाचाघात म्हणतात. बहुतेक माणसांची भाषा मेंदूच्या डाव्या बाजूला असते. पक्षाघातात दादाचा तिथलाच रक्तपुरवठा तुटला, म्हणून उजवा हातही लुळा पडला आणि शब्दही अडले. एखाद्याचं नाव ओठांवर येऊन अडतं, असं आपलं कधीतरी होतं. दादाचं प्रत्येक शब्दाला होतंय. जिभेचा यात दोष नाही. तेव्हा कुणी वेखंड जिभेला चोळायला सांगेल, कुणी कबुतराच्या रक्ताच्या मालिशवाल्याचा पत्ता देईल, त्यांना चहा पाज आणि वाटेला लाव. आमचे हे, म्हणजे तुझे काका, याच दुखण्याने आजारी पडले तेव्हा असल्या उपायांत माझे पैसे गेलेच, पण दिवस गेले त्याचं जास्त वाईट वाटतं.

तुझ्या 'तेच ते'वरून एक गोष्ट सांगते. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात लबोर्न्य नावाचा माणूस वर्षानुवर्षं होता. त्याला सहसा 'तां' एवढाच उच्चार करता यायचा, म्हणून सगळे त्याला तांच म्हणत. 1861 साली त्याला डॉक्टर पॉल ब्रोका यांच्याकडे आणलं आणि त्यांनी विचारलं, इथे किती वर्षं झाली? त्याने हाताची पाची बोटं चार वेळा उघडली आणि वर एक बोट दाखवलं. एकवीस. हिशेब बरोबर होता. तो वारल्यावर ब्रोकांनी त्याचा मेंदू तपासला, आणि डाव्या बाजूच्या पुढच्या भागाचा बोलण्याशी असलेला संबंध जगाला कळला. मला मात्र ती बोटंच लक्षात राहिली. दादाने पस्तीस वर्षं गणित शिकवलंय. त्याला बोटांनी उत्तर द्यायला कुणी सांगितलंय का अजून?

वहिनी म्हणाली, "सातचा पाढा सुरू करून दिला की सत्तरपर्यंत म्हणतात, आणि किती वाजले विचारलं तर 'सात' येत नाही. मुद्दाम करतात की काय?" मुद्दाम नाही रे. पाढे, मनाचे श्लोक, आरत्या, वारांची नावं, रागातली एखादी शिवी ही तोंडात बसलेली असतात, ती घडी अख्खी उलगडते. त्यातला एकच शब्द हवा तेव्हा वेगळा काढायचा, तर तो मोडलेल्या वाटेनेच आणावा लागतो. बोस्टनच्या काही तज्ज्ञांनी 1970च्या दशकात तर सुरात बोलायला लावून शब्द परत आणण्याची पद्धतच बसवली. म्हणून संध्याकाळी त्याच्याबरोबर आरती म्हण. स्वतःचा आवाज त्याच्या कानावर पडू दे.

आता माझी चूक सांगते. काकांच्या दुखण्याच्या पहिल्या वर्षी दारात कुणी आलं, "काय, कसं काय?" म्हणालं, की हे तोंड उघडायचे, धडपडायचे. मला ते बघवायचं नाही. मीच म्हणायचे, "बरं आहे हो." चहा हवा का, मीच सांगायचे. मला वाटायचं, मी त्यांचे कष्ट वाचवतेय. दिवाळीपर्यंत त्यांनी तोंड उघडणंच सोडलं. त्यांना वाचाघात झाला होता, मी त्यांना मुकं केलं. स्पीच थेरपीच्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "प्रश्न विचारा आणि मनात दहा मोजा. तोवर तुम्ही बोलायचं नाही." दहा अंक किती लांब असतात ते तेव्हा कळलं. एका दुपारी विचारलं, "आमटी कशी झालीय?" आठपर्यंत पोचले होते. ते म्हणाले, "मीठ." मीठ खरंच कमी होतं. त्या दिवशी मी पानावरून उठून आत जाऊन रडले.

दादा 'हो' म्हणेल आणि त्याच्या मनात 'नाही' असेल, असंही होईल. अंगठा वर की खाली, असं विचारून खात्री कर. पाण्याला चहा म्हणेल, तुला माझ्या नावाने हाक मारेल. हसू नका आणि मास्तरासारखं दुरुस्तही करू नका, पाणी द्या. बोलताना टीव्ही बंद हवा, एका वेळी एकानेच बोलावं. सकाळी त्याला जास्त जमेल, संध्याकाळी थकेल. पाटी-पेन्सिल पुढे करून "लिहा मग" म्हणू नकोस. लिहिणं-वाचणंही याच दुखण्यात सापडतं, आणि ते जमलं नाही की माणूस आणखी खचतो. त्यापेक्षा एका वहीत घरच्यांचे, औषधांचे, भाज्यांचे फोटो चिकटव, तो बोट ठेवेल. आणि पेन्शनचा तो कागद त्याच्यासमोर घेऊन बस. एकेक ओळ सावकाश वाच आणि त्याला विचार. पैसा त्याचा आहे.

सहा महिन्यांत आलं ते आलं, पुढे काही नाही, असं तुला सांगितलं जाईल. पहिले महिने सुधारणा वेगाने होते हे खरं, पण पुढचं दार बंद होत नाही. काकांचे कितीतरी शब्द तिसऱ्या-चौथ्या वर्षी आले. ठाण्याहून तुला वांद्र्याची अली यावर जंग संस्था लांब नाही. श्रवण आणि वाचेच्या दोषांवर काम करणारी ही संस्था केंद्र सरकारने 1983 मध्ये काढली. तिथे एकदा घेऊन जा. मराठीतून थेरपी मिळेल का, हे आधी विचार. दादा ज्या भाषेत रागावतो त्याच भाषेत त्याला शिकवायला हवं. शिवाय 2016च्या दिव्यांग कायद्यात वाचाघाताचा नाव घेऊन उल्लेख आहे. दोष कायमचा राहिला, तर प्रमाणपत्रासाठी अर्ज करायला लाजू नका.

तो मध्येच रडतो म्हणालास. ते डॉक्टरांच्या कानावर घाल. पक्षाघातानंतर उदासी पुष्कळांना येते आणि तिच्यावर औषध आहे. रक्तदाबाच्या गोळ्या चुकवू नका. पुन्हा तोंड वाकडं दिसलं, हात गळला, तर कुणाचा सल्ला घेत न बसता थेट मोठ्या रुग्णालयात ने; गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देता येतं.

वहिनीकडेही बघ. आठवड्यातून दोन रात्री तू दादाजवळ झोप आणि तिला आतल्या खोलीत दार लावून झोपू दे. त्याच्या शाळेतल्या मित्रांना बोलाव. "कशाला, त्याला अवघडल्यासारखं होईल," असं तेच म्हणतील, अवघडतात तेच. त्यांना हे दहा अंक शिकव आणि मध्ये कॅरम मांडून दे. आमच्या ओसरीवर दर गुरुवारी वाचाघाताची तीन माणसं जमतात. तासाभरात मिळून वीस-पंचवीस शब्द होत असतील. आजही जमली होती. जायच्या वेळी कुणी उठायला तयार नव्हतं.

रविवारी सकाळी नऊ वाजता मी फोन करेन. तो दादाच्या कानाला लाव आणि तू स्वयंपाकघरात जा. मी त्याला आमच्या पेरूच्या झाडाचं सांगणार आहे, मग एक प्रश्न विचारणार आहे. आवाज आला नाही म्हणून फोन काढून घेऊ नकोस. मी मोजत असेन.

तुझी,
आत्या