गळ रिकामा का येतो?

प्रश्न : धरणावर गळ टाकतो. तरंगा हलतो, पण ओढला की गळ रिकामा. काय चुकतंय?

उत्तर : तुम्ही घाई करताय. रोहूच्या जबड्यात दात नसतात. तो कणकेची गोळी ओठांनी चोखून बघतो, तेव्हा तरंगा नुसता थरथरतो. तो तिरका सरकून बुडू लागला की मगच मनगटाने हलका झटका द्या. गोळी हरभऱ्याएवढी, घट्ट मळलेली हवी; गळाचं टोक जेमतेम झाकलं जावं. ते टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहा. घसरलं तर बोथट झालंय. कटला वरच्या थरात चरतो, त्याच्यासाठी आमिष उथळ ठेवा.

एक कळकळीची विनंती. पहिल्या पावसात वलगणीला चढणारे मासे गाभोळीने भरलेले असतात. तेवढे दिवस गळ घरीच राहू द्या. इतर वेळी धरणावरच्या मच्छीमार सोसायटीला आधी विचारा.